न झालेली कुस्ती

२३ डिसेंबर २०१८, रविवार. जालन्यात महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली. एका बाजूला आदल्या वर्षी भूगावला गदा जिंकलेला पुण्याचा अभिजित कटके, दुसऱ्या बाजूला बाला रफिक शेख. निवेदक बालाचं नाव पुकारत होता आणि नावापुढे जिल्हा सांगत होता, बुलढाणा. देऊळगाव राजाहून जालना तासाभराच्या आत येतं, त्यामुळे आमच्याकडची माणसं त्या गर्दीत कमी नव्हती. बालानं ती कुस्ती ११-३ अशी मारली आणि बुलढाण्याच्या नावावर चांदीची गदा लागली.

आता खरं सांगायचं तर बाला आमच्या मातीतला नव्हे. तो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. घडला कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली आणि पुढे पुण्यात हनुमान आखाड्यात. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात गेले होते आणि बालानं गदा त्यांना वाहिली. बुलढाणा जिल्ह्याशी त्याचं नातं कागदाचं. पण त्या रात्री कुणी कागद विचारला नाही. चिखली-मेहकरकडचा माणूसही ‘आपला बाला’ म्हणून फटाके लावायला मोकळा होता.

कागद असा कधी पदरात काही टाकून जातो. एका पैलवानाच्या बाबतीत मात्र कागदानं सगळंच काढून घेतलं, आणि तोही महाराष्ट्र केसरीच होता, एकदा नव्हे तर लागोपाठ तीनदा. बालाच्या गदेमुळे आमच्याकडे बाहेरून आलेल्या पैलवानाबद्दल जी चर्चा झाली, ती त्याच्याबद्दल कितीतरी आधी आणि कितीतरी कडवटपणे झालेली होती. नरसिंग पंचम यादव.

नरसिंगचा जन्म ऑगस्ट १९८९चा, वाराणसीकडचा. वडील मुंबईत जोगेश्वरीला दुधाच्या धंद्यात. मुंबईच्या दूधवाल्या भय्यांनी कुस्ती गावाकडून सोबत आणली आणि तबेल्यांच्या आसपास जपली, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. कोल्हापूर-सांगलीची तालीम आपल्याला पाठ असते, पण पहाटे म्हशीची धार काढून जोर मारायला जाणारा जोगेश्वरीचा पोरगा आपल्या कुस्तीच्या चित्रात बसत नाही. नरसिंग पोरवयातच कांदिवलीच्या साईच्या केंद्रात जगमाल सिंग यांच्याकडे आला आणि तिथंच वाढला. साई म्हणजे भारतीय खेळ प्राधिकरण. खेळाडू त्याला साईच म्हणतात.

२०१० साल त्याचं. मे महिन्यात दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ७४ किलो गटात सुवर्ण, ऑक्टोबरात दिल्लीतच राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर २०११ला अकलूज, २०१२ला गोंदिया, २०१३ला भोसरी. तीन वर्षं, तीन गदा. १९६१मध्ये दिनकर दह्यारींपासून सुरू झालेल्या या किताबात दोनदा जिंकणारे होते: गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील. लागोपाठ तीन कुणाला जमले नव्हते. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीनं ते पुढे करून दाखवलं, पण पहिला नरसिंग.

पहिली गदा त्यानं उचलली तेव्हा ‘महाराष्ट्राची गदा उत्तरेत गेली’ असा सूर निघालाच. मुंबईत वाढलेल्या, मुंबईतच घाम गाळलेल्या पोरानं आणखी काय करायला हवं होतं, हे कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या गदेनंतर तो सूर बराच खाली आला. जिंकणारा हळूहळू आपला होत जातो. राज्य सरकारनं त्याला पोलिसात उपअधीक्षकाची नोकरी दिली, केंद्रानं २०१२ला अर्जुन पुरस्कार दिला.

२०१२लाच तो लंडन ऑलिम्पिकला गेला आणि पहिल्याच फेरीत कॅनडाच्या मॅट जेन्ट्रीकडून हरला. ही हार इथंच सांगून ठेवतो, तिचं काम शेवटी पडणार आहे.

त्याच लंडनमध्ये सुशील कुमार ६६ किलो गटात रौप्य घेऊन परतला होता. त्याआधी बीजिंगचं कांस्य होतंच. दोन ऑलिम्पिकमध्ये दोन वैयक्तिक पदकं मिळवणारा स्वतंत्र भारताचा तो पहिला खेळाडू. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सतपाल यांच्या हाताखाली घडलेला, त्यांचाच जावई. सुशील ६६ला, नरसिंग ७४ला. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदण्याचं कारण नव्हतं.

कारण घडलं ते स्वित्झर्लंडमध्ये. फेब्रुवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२०पासून कुस्तीच वगळावी अशी शिफारस केली. जगभरच्या कुस्तीवाल्यांचं धाबं दणाणलं. सप्टेंबरात कुस्ती वाचली, पण वाचण्यासाठी तिला अंगावरचे कपडे बदलावे लागले. नियम बदलले, महिलांचे गट वाढवले आणि त्यासाठी पुरुषांचे गट सातावरून सहावर आले. ऑलिम्पिकच्या यादीतून ६६ किलो गेलं. खाली ६५, वर थेट ७४. वजन कमी करताना आधीच हाडं दिसू लागलेल्या सुशीलनं वरचा रस्ता धरला. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलोत त्यानं सुवर्णही मारलं. त्याच वर्षीच्या इंचॉन आशियाई स्पर्धेतून तो बाजूला राहिला, तिथं नरसिंग गेला आणि कांस्य घेऊन आला.

म्हणजे एका वजनगटात आता दोन वाघ होते, आणि ऑलिम्पिकला एका गटात एका देशाचा एकच पैलवान जातो.

जत्रेतल्या आखाड्यात हा पेच सुटायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे पाडव्यानंतरच्या जत्रांमध्ये अजूनही लाल मातीत दंगल भरते. हलगी कडाडत असते, एखादा पैलवान लंगोट कसून हात वर करून आखाड्याभोवती चक्कर मारतो. ज्याच्यात धमक आहे तो उठतो आणि हातात हात देतो. जोड ठरली. पंच दोघांच्या अंगाकडे बघून इनामाचा आकडा सांगतात. बरोबरीत सुटली तर लोक हुर्यो करतात, चीतपट झाली तर पटक्याचा मानकरी ठरतो. आधी कुठं काय जिंकलं होतं, कुणाचा सासरा कोण, याचा हिशेब तिथं कुणी मांडत नाही.

जुलै २०१५मध्ये जागतिक स्पर्धेची निवड चाचणी झाली तेव्हा सुशीलचा खांदा दुखावलेला होता. तो चाचणीला उतरला नाही. नरसिंग निवडला गेला आणि सप्टेंबरात लास वेगासला त्यानं कांस्य जिंकलं. फ्रान्सच्या झेलिमखान खादियेवविरुद्ध तो गुणांवर बराच मागे पडला होता. हातातून गेलेली कुस्ती त्यानं उलटवली आणि खादियेवला चीतपट केलं. त्या पदकाबरोबर रिओ ऑलिम्पिकचा कोटा आला, ७४ किलो, भारत.

‘भारत’ या शब्दात सगळी मेख होती. कोटा देशाचा असतो, पैलवानाचा नसतो, असं नियम सांगतो. सुशील २०१६च्या सुरुवातीला तंदुरुस्त होऊन आला आणि म्हणाला, आमची दोघांची एक चाचणी घ्या, जिंकेल तो जाईल. ब्रिजभूषण शरण सिंग यांच्या कुस्ती महासंघानं सांगितलं, ज्यानं कोटा मिळवला तोच जातो, ही आपली रीत आहे. मे महिन्यात सुशील दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ६ जून २०१६ रोजी न्यायमूर्ती मनमोहन यांनी याचिका फेटाळली. निवड हे जाणकारांचं काम आहे, प्रक्रियेत खोट दिसत नाही आणि ऐन तोंडावर चाचणी लावली तर देशाचंच नुकसान होऊ शकतं, असा त्या निकालाचा मथितार्थ.

कायद्याच्या बाजूनं हा निकाल मला पटतो. दोन महिन्यांवर ऑलिम्पिक असताना न्यायाधीशानं शिट्टी हातात घेऊ नये हे बरं. पण कुस्तीच्या वर्तुळातली एक जुनी गोष्ट मनातून जात नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या निवडीवेळी खाशाबा जाधवांना डावललं गेलं. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना निरंजन दासविरुद्ध एका गुणानं मागे ठेवलं होतं आणि तो अन्याय आहे असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली. खाशाबांनी निरंजन दासला पाडलं, हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आपल्या गावी, गोळेश्वरात घेऊन आले. ‘आमची एकदा लावून बघा’ या मागणीवरच आपल्या ऑलिम्पिक कुस्तीचा पाया रचलेला आहे. २०१६ला तीच मागणी नरसिंगच्या विरोधात उभी होती, म्हणून महाराष्ट्रातल्या कुस्तीप्रेमींना ती आवडली नाही. माझंही मन तेव्हा नरसिंगच्याच बाजूचं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

चाचणी झाली असती तर काय झालं असतं? सुशील तेव्हा तेहतीस वर्षांचा, जवळजवळ दोन वर्षं स्पर्धेबाहेर. नरसिंग सव्वीस वर्षांचा, ऐन भरात. माझा पैसा नरसिंगवर होता. तो चाचणी जिंकला असता तर पुढच्या साऱ्या संशयाच्या धुरात निदान एवढं एक गाठोडं स्वच्छ राहिलं असतं.

महासंघाच्या शिबिरासाठी नरसिंग हरयाणातल्या सोनीपतच्या साई केंद्रात होता. सुशीलच्या चाहत्यांचा मुलूख म्हणजे हरयाणा-दिल्ली. कोर्टाच्या निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते. २५ जून २०१६ रोजी राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या माणसांनी त्याच्या लघवीचा नमुना घेतला, ५ जुलैला पुन्हा घेतला. दोन्हींत मेथॅन्डिएनोन सापडलं. २४ जुलैला, रिओ बारा दिवसांवर असताना, बातमी फुटली. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच द्रव्य निघालं.

मेथॅन्डिएनोन हे १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं बाजारात आणलेलं, डायनाबोल नावानं गाजलेलं स्टेरॉइड. स्नायू फुगवणारी गोळी म्हणून जगभरच्या व्यायामशाळांत तिनं तीन पिढ्या काढल्या आहेत. प्रयोगशाळांना ती इतकी ओळखीची की शरीरात तिचे अवशेष बराच काळ सापडतात. नरसिंगच्या बाजूनं पहिला युक्तिवाद नेमका हाच होता. ऑलिम्पिकच्या तोंडावर, कधीही तपासणी होऊ शकते हे ठाऊक असताना, इतकं सहज पकडलं जाणारं औषध शहाणा पैलवान घेईल का? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण उत्तेजकांचा इतिहास चाळला तर शहाण्या माणसांच्या अशा मूर्खपणानं तो भरलेला दिसतो, त्यामुळे एवढ्यावर मी कुणाला निर्दोष म्हणणार नाही.

नरसिंग म्हणाला, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. स्वयंपाकघरात घुसलेल्या एका मुलाला तिथल्या आचाऱ्यानं ओळखलं, असं त्याचं म्हणणं. एका ज्युनियर पैलवानाविरुद्ध सोनीपत पोलिसांत तक्रार गेली. विष वा गुंगीचं औषध खायला घालण्याचं कलम ३२८, कटाचं कलम १२०ब. भोसरीच्या गादीवर तिसरी गदा उचलणारा, स्वतः पोलीस अधिकारी असलेला माणूस फिर्यादी म्हणून ठाण्यात उभा होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या दारात आरोपी म्हणून.

ही दोन दारं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. आपल्या फौजदारी कायद्यात तुम्ही गुन्हा केला हे सरकारनं सिद्ध करायचं असतं, तेही वाजवी संशयापलीकडे. उत्तेजकांच्या कायद्यात उलट. नमुन्यात द्रव्य सापडलं की दोष तुमचा. ते कसं आलं हे तुम्ही सांगायचं आणि तसं घडल्याचीच शक्यता जास्त आहे हेही तुम्हीच पटवायचं. मेथॅन्डिएनोनसारख्या द्रव्याला सरळ चार वर्षांची बंदी. सुटकेची एक अरुंद खिडकी आहे, तेव्हाच्या नियमांत कलम १०.४. पूर्ण काळजी घेऊनही प्रतिस्पर्ध्यानं घातपात केला हे दाखवता आलं तर बंदी नाही. गंमत अशी की नियमाच्या टिपेत असंही म्हटलंय, घातपात तुमच्याच गोतावळ्यातल्या माणसानं केला, प्रशिक्षकानं किंवा बायकोनं, तर ही खिडकी बंद. आपल्या पंगतीत कोण बसतो हे बघणं तुमचं काम.

या खिडकीतून नाडाच्या शिस्तपालन समितीनं नरसिंगला बाहेर काढलं. १ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल आला: हा घातपाताचा बळी आहे, आणि एका वेळच्या सेवनानं त्याला काही फायदाही झालेला नाही. मधल्या काळात त्याच्या जागी परवीन राणाचं नाव पाठवलेलं होतं, ते मागे घेतलं गेलं. जोगेश्वरीत ढोल वाजले. मुंबईच्या पेपरांत पेढे भरवतानाचे फोटो आले. आमच्याकडच्या तालमीतही त्या दिवशी थंडाईचा खल जरा जोरातच फिरला असणार.

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेनं, वाडानं, फाईल मागवली आणि अपील केलं. ऑलिम्पिकच्या काळात क्रीडा लवादाचा तात्पुरता विभाग यजमान शहरातच बसतो आणि तासांत निकाल देतो. १८ ऑगस्टला रिओत सुनावणी झाली. नरसिंगची कुस्ती दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला होती. पहिल्या फेरीत समोर कोण, तर तोच खादियेव, ज्याला लास वेगासला चीतपट करून त्यानं हा कोटा आणला होता.

सुनावणी चारेक तास चालली. वजन टाकलं ते माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या क्रिस्टियान आयोट यांच्या मतानं. उत्तेजक शोधण्याच्या विद्येत त्यांचा शब्द मोठा. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त आहे की पेयात मिसळलेल्या भुकटीनं ते येणार नाही; एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्या असाव्यात, आणि दोन नमुन्यांतला फरक बघता एकापेक्षा जास्त वेळा. नाडाच्या समितीपुढे असा तज्ज्ञ उलट बाजूनं उभा नव्हता. स्वयंपाकघरातला मुलगा, आचाऱ्याची साक्ष, पोलिसांतली फिर्याद, हे सगळं सोनीपतच्या पातळीवर जिवंत वाटत होतं. रिओच्या टेबलावर ते नुसतं सांगोवांगी ठरलं. घातपात शक्य आहे, पण तसा पुरावा नाही, असं लवादानं म्हटलं. चार वर्षांची बंदी, तत्काळ लागू.

भारतात तेव्हा १९ तारखेची पहाट होती. आदल्या दिवशी राखीपौर्णिमा, त्या दिवशी पहाटे साक्षी मलिकनं रिओतलं देशाचं पहिलं पदक आणलेलं, आणि १९च्या रात्री पी. व्ही. सिंधूचा अंतिम सामना. देश एवढा खूश होता की नरसिंगची बातमी पेपरात कुठंतरी खालच्या कोपऱ्यात सरकली. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उतरवायची वेळ निघून गेलेली होती. ७४ किलोच्या गादीवर भारताचा कुणीच उतरला नाही. सुशीलही घरी आणि नरसिंगही गेम्स व्हिलेजबाहेर.

हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. चाचणी नको, कारण देशाचं नुकसान होईल, असं म्हटलं गेलं होतं.

पुढचं भराभर सांगतो. सीबीआयनं घातपाताच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला, पण बंदीचा एक दिवसही त्यामुळे कमी झाला नाही. पैलवानाची सव्वीस ते तीस ही वर्षं म्हणजे शेतकऱ्याचा मृग-आर्द्रा. ती कोरडी गेली. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत आणखी एक प्रकरण झालं. मुंबई वायव्य मतदारसंघात काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्या प्रचारात तो दिसला. अंगावर वर्दीची नोकरी असताना प्रचार करता येत नाही, हे पोलीस अधिकाऱ्याला सांगावं लागू नये. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सोनीपतच्या प्रकरणात शंकेला जागा आहे, इथं नाही. ही चूक त्याची स्वतःची.

२०२०च्या मध्यात बंदी संपली. तोवर करोना आला होता. सप्टेंबरात शिबिराला जाताना त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, या वेळी विषाणूची. डिसेंबरात बेलग्रेडच्या विश्वचषकात तो पुन्हा ७४ किलोत उतरला आणि पहिलीच कुस्ती हरला. वय एकतीस. समोरचे पैलवान तो रिओला निघाला होता तेव्हा शाळेत असतील. जुन्या पैलवानाला उतरत्या वयात गादीवर बघताना जे वाटतं ते वाटलं: डाव आठवतो, पण हात अर्धा क्षण उशिरा पोचतो.

आणि सुशील. ४ मे २०२१च्या रात्री छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली आणि तेवीस वर्षांचा पैलवान सागर धनखड त्यात मेला. सुशील फरार झाला, २३ मे रोजी दिल्लीत मुंडक्याजवळ पकडला गेला. खुनाचा खटला उभा राहिला. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जामीन दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. गुन्हा सिद्ध झाला की नाही हे न्यायालय ठरवेल. पण २०१६ला ज्या माणसाच्या एका चाचणीच्या मागणीवर देश दुभंगला होता, तो तुरुंगात आणि ज्याच्यासाठी मागणी नाकारली तो चार वर्षं घरात, हे चित्र कुठल्याही नाटककाराला अतिरंजित वाटेल. नकार देणारे ब्रिजभूषणही पुढे महिला पैलवानांच्या तक्रारींमुळे आरोपी म्हणून कोर्टात उभे राहिले. तक्रार करणाऱ्यांच्या आघाडीवर साक्षी मलिक होती, नरसिंगवर बंदी आली त्या आठवड्यात देशाला पदक देणारी.

खादियेवचं काय झालं तेही सांगून टाकतो. २०१९च्या जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्य जिंकलं. नंतर उत्तेजक चाचणीत तोही सापडला, पदक गेलं, बंदी आली.

आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेच्या अटीमुळे एप्रिल २०२४मध्ये महासंघाला खेळाडू आयोगाची निवडणूक घ्यावी लागली. अध्यक्ष म्हणून निवडून आला नरसिंग यादव. पैलवानांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यांची बाजू मांडायची, हे त्या आयोगाचं काम. कोणाच्या तक्रारीला कागदावर किती वजन मिळतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

बालाच्या गदेची आठवण आमच्याकडे अजून निघते. मध्यंतरी चिखलीकडच्या एका दंगलीत म्हाताऱ्या वस्तादाशेजारी बसलो होतो. नरसिंगचा विषय निघाला. वस्तादानं तंबाखू मळत विचारलं, "त्या दोघांची लावली कधी?" म्हटलं, नाहीच लागली. त्यांनी मान हलवली आणि समोर माती उधळत खडाखडी करणाऱ्या दोन पोरांकडे बघत राहिले.

लंडनमध्ये मॅट जेन्ट्रीविरुद्ध नरसिंग हरला तो दिवस १० ऑगस्ट २०१२. त्यानंतर रिओ झालं, टोकियो झालं, पॅरिस झालं. ऑलिम्पिकच्या ७४ किलो फ्रीस्टाईलमध्ये भारताचा पैलवान गादीवर उतरला तो त्या दिवशी शेवटचा.